‘देश’ म्हटले की काय आठवते?

महोदय,

‘आजच्या पोरांना देशाचे काही सोयरसुतक नाही’ असे माझ्या वयाची माणसे सहज बोलून जातात. मी ३१ वर्षे इतिहास शिकवला. मला हे पटत नाही, आणि ऐकून वाईटही वाटते.

देश म्हटले की माझ्या वडिलांना युद्धाच्या रात्री खिडक्यांना चिकटवलेले काळे कागद आठवत. मुलाला परदेशी विमानतळ आठवतो, पासपोर्ट पाहताच अधिकाऱ्याचा बदललेला चेहरा आठवतो. नातीला विचारले, तर म्हणाली, “आजी, वर्गातल्या एका मुलाला सगळे ‘तू इथला नाहीस’ म्हणाले ना, तो दिवस.” त्या दिवशी ती त्या मुलाच्या बाजूने भांडली होती. हे देशप्रेम नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणू?

ऐन तारुण्यात जे भोगतो त्यातून पिढीची नजर घडते, हे समाजशास्त्रज्ञ कार्ल मानहाइम यांनी १९२८ मध्येच मांडले होते. १९८५ मध्ये अमेरिकेत सुमारे १,४०० लोकांना विचारले गेले, ‘गेल्या ५० वर्षांतल्या महत्त्वाच्या घटना कोणत्या?’ बहुतेकांची उत्तरे त्यांच्या उमेदीच्या वयाभोवतीच घुटमळली; कुणाचे महायुद्ध, कुणाचे व्हिएतनाम.

तैवानचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. तिथे १९४९ ते १९८७, चीनमधून येऊन बसलेल्या सरकारचा लष्करी कायदा होता आणि म्हणून शाळेत मुले चीनचा इतिहास-भूगोल घोकत. १९९६ मध्ये लोकांनी प्रथमच राष्ट्राध्यक्ष थेट निवडला, १९९७ मध्ये तैवानचीच ओळख करून देणारी पाठ्यपुस्तके वर्गात आली. तिथल्या एका विद्यापीठाच्या पाहणीनुसार १९९२ मध्ये स्वतःला केवळ ‘तैवानी’ म्हणवणारे पाचात एकही नव्हते; आता पाचात तीन आहेत. शिक्षिका म्हणून याचे सारे श्रेय पुस्तकांना द्यावेसे वाटते, पण तसे करणे खरे होणार नाही. १९९५-९६ मध्ये बेटालगतच्या समुद्रात चिनी क्षेपणास्त्रे पडली, तेव्हा शाळकरी असलेली मुले आज मतदार आहेत.

प्रत्येक पिढीचा देश वेगळ्या घटनेतून घडतो, तर आपल्याच आठवणीची फूटपट्टी घेऊन मुलांना का मोजायचे? माझी एक विनंती आहे. आपल्या रविवार पुरवणीत एकाच घरातल्या आजोबांना, मुलीला आणि नातवाला हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तरे शेजारी-शेजारी छापावीत. नातवाचे उत्तर कृपया शेवटी, उरलेल्या जागेत टाकू नये.

– एक निवृत्त शिक्षिका