गिरिपुष्पाच्या ओळींबद्दल कृषी सहायक ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

हळदीच्या शेतात 15-15 फुटांवर गिरिपुष्पाच्या, म्हणजेच उंदीरमारीच्या ओळी लावण्याचा सल्ला आपण आम्हाला दिला आणि तो देताना त्याची दुसरी बाजू लपवली नाही, त्याबद्दल हे जाहीर आभार.

झाड नुसते उभे राहून शेजारच्या पिकाला फारसे नत्र (नायट्रोजन) देत नाही, ते मुख्यतः छाटलेल्या पाल्यातून मातीत येते, हे आपण सुरुवातीलाच बजावले होते. पुढे एक रोप उपटून त्याच्या मुळावरची गाठ आपण नखाने फोडून दाखवली. आतला गुलाबी रंग पाहिल्यावर गाठीतले जिवाणू हवेतले नत्र धरत आहेत, हे आम्हा सर्वांना पटले. आता दर पावसाळ्यात भरणीच्या आधी आम्ही ओळी कमरेच्या उंचीवर छाटतो, कोवळा पाला हळदीच्या बुडाशी अंथरतो आणि त्यावर माती चढवतो. हा पाला काही आठवड्यांतच कुजतो, आणि काढणीच्या वेळी एरवी दगडासारखी होणारी आमची काळी जमीन कुदळीला बरीच भुसभुशीत लागते.

एकट्या नत्राने कंद पोसत नाही, हेही आपलेच सांगणे. शेजारच्या पट्ट्यातील रताळ्यांना नत्र जास्त झाले तर वेल माजेल आणि कंद बारीक राहील, म्हणून माती परीक्षण करून पालाश (पोटॅश) वेगळे द्यायला आपण लावले.

सर्वांत मोलाचा मला आपला पाण्याबाबतचा इशारा वाटतो. पिकात झाडांच्या ओळी लावण्याची ही पद्धत 1970 च्या दशकाच्या अखेरीस नायजेरियातील इबादान येथे, भरपूर पावसाच्या प्रदेशात आकाराला आली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या प्रयोगांत मात्र सुबाभळीच्या ओळींनी ओलावा ओढल्याने लगतचे पीक मागे पडले होते. हे समजावून आपण विहीर नसलेल्या आमच्या भावकीला झाडे केवळ बांधावर लावायला सांगितले आणि आम्हाला ओळीलगत नांगराचे तास मारून वरची मुळे तोडायला शिकवले. योजनेचे उद्दिष्ट गाठण्यासाठी सर्वांना एकच सल्ला देणे सोपे होते. आपण प्रत्येकाची जमीन आणि पाणी पाहून बोललात.

यंदा मिरगाच्या पावसावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या पक्व फांद्या आम्ही गावात लागवडीसाठी वाटणार आहोत. आपली बदली झाली त्या गावातील शेतकऱ्यांना हव्या असल्यास अवश्य कळवावे, आम्ही पोहोचत्या करू.

आपला कृतज्ञ,
एक हळद उत्पादक
तालुका वसमत, जिल्हा हिंगोली