पोटात कळ नव्हती

पैठण,
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. सौ. माईस,
अनेक आशीर्वाद.

रोज फोनवर बोलणं होतं, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन तुझ्या आईच्या हातात असतो, हे एक. अन् दुसरं असं, की जे सांगायचंय ते समोर तोंड दिसत असताना मला सांगता येत नाही.

त्या रविवारी तुमच्या जर्मनीतल्या बोडनसे तळ्याच्या धक्क्यावर मी जे केलं ते तुला लागलं. तिकिटं काढलेली होती. फुलांच्या बेटावर जायचं तू दोन महिन्यांपासून ठरवलेलं. बबड्यानं तर आदल्या रात्रीच बूट दाराशी काढून ठेवले होते. बोट लागली, फळी पडली, माणसं चढायला लागली, अन् मी म्हणलं, पोटात कळ आली, तुम्ही जाऊन या. तू गेली नाहीस, मग कुणीच गेलं नाही. आपण ओळीनं बाकावर बसलो अन् बोट समोरून निघून गेली. परतताना गाडीत तू स्टुटगार्ट येईपर्यंत एक शब्द बोलली नाहीस. जावईबापूंनी मधेच थांबून माझ्यासाठी औषधाच्या गोळ्या घेतल्या. त्या मी खाल्ल्या नाहीत, तुमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहेत.

पोटात कळ नव्हती.

सहल वाईट झाली असं मनात आणू नकोस. शनिवार तर माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. आईनं पहाटे उठून दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी बांधली, अन् तू म्हणालीस, तिथं सगळं मिळतं. मिळालं काय? पाव अन् बटाटे. शेवटी दशम्यांवरच सगळ्यांचा हात पडला, जावईबापूंचा सगळ्यात आधी. मग आईनं ऱ्हाईनच्या काठावर वाकून पाण्याला हळदीकुंकू वाहिलं, रुपयाचं नाणं टाकलं, अन् तू इकडंतिकडं बघत 'आई, इथं असं करत नाहीत' म्हणालीस. अगं, नवं पाणी दिसलं की हिचा हात पिशवीत जातोच. गंगेला केलं, नर्मदेला केलं, मग ऱ्हाईननंच काय घोडं मारलंय?

मी मात्र हिशेबात होतो. चौतीस वर्षं पाटबंधाऱ्यात काढलेल्या माणसाला पाणी दिसलं की ते किती आहे, हेच आधी सुचतं. जावईबापूंना आकडे विचारत होतो ते त्यासाठी. बोडनसेचा पसारा ५३६ चौरस किलोमीटर. आपला नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, भरला की साडेतीनशेच्या आसपास. म्हणजे दीडपट, फार काही नाही. पण पाणी? तिथं ४८ घन किलोमीटर, म्हणजे ४८,००० दशलक्ष घनमीटर (दलघमी), अन् जायकवाडीची पूर्ण क्षमता २,९०९ दलघमी. जायकवाडीसारखी सोळा धरणं त्यात ओतली तरी जागा उरेल! फरक खोलीचा आहे. ते तळं एका जागी २५१ मीटर खोल आहे. आपला नाथसागर म्हणजे परात. एप्रिल-मे मध्ये नुसत्या उन्हानं त्यातलं दिवसाला एक दलघमीच्या पुढं पाणी उडून जातं. उन्हाळी पाळी सोडताना आम्ही एकेका चारीला तास मोजून पाणी द्यायचो, अन् वर सूर्य न मोजता प्यायचा.

जावईबापू म्हणाले, तुमच्या नळालाही बरंचसं ह्याच तळ्यातलं पाणी येतं. साठ मीटर खोलातून उचलतात, डोंगरावर चढवतात, अन् तिथून पार स्टुटगार्टपर्यंत. चाळीसएक लाख माणसं पितात. संध्याकाळी बबड्यानं दात घासताना नळ चालूच ठेवला तर मी उठून बंद केला. तू हसलीस. शहरात तुझ्या आत्याकडं आमच्याच धरणाचं पाणी जातं, ते कितव्या दिवशी येतं ते तुला ठाऊक आहे.

आता रविवारचं.

सकाळी तू आम्हाला ती लाकडाची घरं दाखवायला नेलंस. उंटरउल्डिंगन, नाव मी वहीत लिहून घेतलंय. तळ्याच्या पाण्यात खांब रोवून त्यावर उभी केलेली गवताच्या छपराची घरं, हजारो वर्षांपूर्वी माणसं तशी राहायची म्हणून नव्यानं बांधलेली. बबड्या फळ्यांवरून पळत होता. जावईबापू पाटी वाचून मराठीत सांगत होते. १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिचच्या तळ्याचं पाणी फार खाली गेलं अन् गाळातून जुन्या खांबांची टोकं वर आली, मग लोकांनी ह्याही तळ्याच्या तळाशी शोधलं, तर इथंही निघाले. पाण्याखाली घरं होती अन् वर लोक इतकी वर्षं बोटी चालवत होते.

ते वाक्य ऐकलं अन् तिथून आपण सरळ धक्क्यावर गेलो.

आपलं जुनं गाव धरणात गेलं एवढं तुला माहीत आहे. दाखल्यावर 'प्रकल्पग्रस्त' लिहिलेलं असतं म्हणून माहीत आहे. त्याच दाखल्यावर मला नोकरी लागली, तीही त्याच धरणाच्या कालव्यावर. त्यापुढचं मी कधी बोललो नाही. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं तेव्हा सोळा वर्षांचा, अन् गाव तोवर उठलेलं होतं. आबांनी घराच्या तुळया, चौकटी, कवाडं उपसून बैलगाडीत घातली. नव्या जागी तीच लावली. आपल्या पुढच्या खोलीचं कवाड ते तिथलंच. चूल तेवढी राहिली. चूल कोण नेतं?

पुढं मी कालव्यावर फिरलो, धरणाच्या भिंतीवर हजार वेळा उभा राहिलो, पण होडीत बसलो नाही. लग्नाची वऱ्हाडं त्या अंगाला होडीनं जायची, मी रस्त्यानं वळसा घालून जायचो. लोकांना वाटायचं, पाण्याला भितो. तसं नव्हतं. मोठ्या माणसाला ओलांडून जाऊ नये, असं आपल्याला लहानपणापासून शिकवतात. निजलेल्यालाही ओलांडत नाहीत. मग निजलेल्या गावावरून वल्हं मारत कसं जायचं?

तू तिसरीत होतीस. माझा डबा घेऊन आईबरोबर धरणावर आली होतीस. खाली मासेवाल्याची होडी लागलेली, तो ओळखीचा, म्हणाला, ताईला एक चक्कर मारून आणतो. तू माझा हात ओढत राहिलीस. मी तुला चापट मारली. तुला आठवत असेल, कारण मी तुला मारलं ते तेवढंच एकदा. घरी आईला सांगितलं, पाण्याकडं पळत होती म्हणून. म्हणजे खोटं मी तेव्हाही बोललो अन् ह्यावेळीही.

२०१६ चा उन्हाळा तुला फोनवरूनच कळला, तू तेव्हा तिकडं नवी होतीस. लातूरला मिरजेहून आगगाडीनं पाणी नेलं, ते साल. आमच्याकडं धरण मृतसाठ्यात गेलं, म्हणजे एरवी कालव्याला सोडत नाहीत ते तळचं पाणीच तेवढं उरलं, अन् जुन्या गावातल्या देवळाचा ओटा उघडा पडला. आजीनं तीन दिवस जेवणात लक्ष घातलं नाही, मला ने म्हणाली. मोटारसायकलवर मागं बसवून भेगाळलेल्या गाळातून नेलं. ओट्यापासून तिनं पावलं मोजली. त्रेसष्ट. तिथं उभी राहून म्हणाली, हे आपलं घर.

तिथं टरबुजाचे वेल होते. पाणी हटलं की तळातल्या जमिनीत लोक गाळपेर करतात, तसं कुणीतरी केलं होतं. आजीनं खाली बसून एक टरबूज तोडलं. तो पोरगा लांबून पळत आला, पैसे मागायला. आजी त्याला म्हणाली, "माझ्या चुलीवर उगवलंय रं बाबा, पैसे कशाचे देऊ?" पोराला काही कळलं नाही. मी गुपचूप मागून वीस रुपये दिले. घरी कापलं तर आतून पांढरंच निघालं, तरी तिनं खाल्लं. मीठ लावून.

त्या धक्क्यावर माझ्या डोक्यात हे सगळं होतं. बोडनसे हिमनदीनं कोरलेलं तळं आहे, ते कुणी बांधलेलं नाही, कुणाला उठवलेलं नाही, हे मला कळत होतं. तरी फळीवर पाय पडेना. तेव्हाच तुला सांगायला पाहिजे होतं. पण बबड्या बघत होता, जावईबापू तिकिटं हातात धरून उभे होते, अन् मला पोटाचं सुचलं.

परवा आजीला हे सगळं सांगितलं. वाटलं, तिला तरी पटेल. तर माझ्यावरच उखडली. "तिथं कुठं तुझं घर होतं रं? लेकराचा फुकट हिरमोड केलास." त्र्याऐंशी वर्षांची बाई, बोलण्याची धार तशीच आहे.

तर असं आहे. डिसेंबरात याल तेव्हा थंडी असेल, रोहित पक्षी आलेले असतील. त्या मासेवाल्याचा मुलगा आता होडी चालवतो, त्याला विचारून ठेवलंय. बबड्याला अन् तुला घेऊन मी बसेन. जावईबापूंनाही बसवू, तेवढं वजन ती होडी घेते का ते बघावं लागेल.

आजीला विचारलं, येतेस का. तिनं मान हलवली. म्हणाली, "गावाच्या डोक्यावरून मी नाही जायची. पाणी उतरलं की मला पायी ने."

तुझा,
अप्पा