हमामात्सुकडून मिरजेनं काय घ्यावं?

महोदय,

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कागद हाती आला, आता पुढं काय, असा प्रश्न पडला की मला जपानमधलं वाद्यं बनवणारं शहर, हमामात्सु, आठवतं. मी तिथं गेलेलो नाही. पण फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, करण्यात जन्म गेला, म्हणून लाकडावर उभ्या राहिलेल्या या शहराबद्दल मिळेल ते वाचत आलो.

टोकियो आणि ओसाकाच्या साधारण मधोमध, तेनर्यु नदीच्या मुखाजवळ हे शहर आहे. वस्ती आठ लाखांच्या आसपास. नदीच्या वरच्या अंगाला देवदारासारख्या झाडांची डोंगरभर जंगलं, आणि तिथलं लाकूड पाण्यातून खाली यायचं. हिवाळ्यात कोरडा, बोचरा वारा सुटतो. ओलं लाकूड रंधून पस्तावलेल्या कुणालाही विचारा, असा वारा फुकट मिळणं म्हणजे काय! भोवती कापूस आणि हातमाग, त्यामुळं सुतारकामाला तोटा नव्हता.

१८८७ मध्ये तिथल्या एका शाळेचा परदेशी ऑर्गन बिघडला. दुरुस्तीला बोलावलं तोराकुसु यामाहा यांना, जे खरं तर दवाखान्याची उपकरणं दुरुस्त करायचे. त्यांनी ऑर्गन खोलला, आतली रचना कागदावर उतरवली आणि तसाच एक स्वतः बनवला. मग तो खांद्यावर घेऊन, साथीदारासह हाकोनेचा घाट चालत ओलांडून टोकियोची संगीतसंस्था गाठली. तिथं ऐकावं लागलं, की सूर जुळत नाहीत. गडी परत फिरला नाही. महिनाभर तिथंच राहून संगीताचं शास्त्र शिकला, आणि मगच पुढचा ऑर्गन केला. आपल्याकडंही शिकलगार घराण्यांनी हत्यारं सोडून वाद्यं हाती घेतली ती दुरुस्तीपासूनच, असं जुनी माणसं सांगतात.

पुढं यामाहांच्या कंपनीनं लाकडाच्या त्याच जाणकारीवर विमानांचे पंखे केले, आणि १९५५ मध्ये मोटारसायकलचा कारखाना वेगळा निघाला. सुझुकीची सुरुवातही याच शहरात, १९०९ मध्ये मागाच्या कारखान्यानं झाली. त्याच्या पुढच्याच वर्षी कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा आपल्या मातीत कारखानदारी नव्हती असं कुणी म्हणू नये.

तरीही मिरजेनं कारखाने काढावेत, असं मी म्हणणार नाही. हमामात्सुचा पियानो साच्यात बसतो. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा आवाज, तारांखालच्या घोडीवर कानसेनं आणि कानानं लागते, ती यंत्राला जमणार नाही. हमामात्सुकडून घ्यायची गोष्ट वेगळी आहे. १९९५ मध्ये त्या शहरानं सार्वजनिक वाद्यसंग्रहालय काढलं. जगभरची वाद्यं तिथं नुसती काचेआड नाहीत, त्यांचा आवाज ऐकता येतो आणि काही हातात घेऊन वाजवताही येतात. २०१४ मध्ये युनेस्कोनं या गावाला संगीताचं सर्जनशील शहर म्हटलं, ते नुसत्या पियानोंच्या खपावर नव्हे.

मिरजेत बाहेरचा माणूस उतरला तर सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराच्या पायरीवर उभा राहतो, आणि कारागीर काम सोडून त्याला समजावत बसतो. थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब ज्या दर्ग्याच्या आवारात विसावलेत, त्याच्या जवळपास महापालिकेनं एक मोठी खोली द्यावी. सोलापूरकडून येणारा भोपळा, तुणीचं लाकूड, खुंट्या, तारा हे सगळं तिथं हाताळायला ठेवावं. आणि जवारी लावणाऱ्या जुन्या कारागिरांना आठवड्यातून दोन दिवस मानधनावर शिकवायला बसवावं. शिकणाऱ्या पोरांनाही महिन्याकाठी विद्यावेतन हवं, नाहीतर ती कुपवाडच्या एमआयडीसीत जाणार. त्यात त्यांचा दोष नाही.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर, मिरज