तिकिटं जपणाऱ्या घरी

फुलर्टन, कॅलिफोर्निया
रविवार रात्र

ती. आई-बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सकाळी फोन मधेच तुटला, त्यामुळे बाबांच्या डोक्यात एवढंच राहिलं असणार की सुजाता ‘डिस्नेच्या माणसाकडे’ जाऊन आली. डिस्नेचा माणूस नव्हे हो, डिस्नेलँडच्या जुन्या वस्तू जमवणारा माणूस. फोनवर सांगण्यासारखं ते प्रकरण नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला वाचून दाखवताना मधलं मधलं गाळू नका. तिच्या कामाचंही यात आहे.

नितीनच्या ऑफिसातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, सत्तरी ओलांडलेले. नाव मुद्दाम लिहीत नाही. घरात माल एवढा किमती आहे की कुठेही नाव-फोटो टाकू नका, असं त्यांनीच बजावलंय. बाहेरून बघाल तर इथल्या जुन्या वस्तीतलं साधं बैठं घर. पुढे लिंबाचं झाड, दारात दहा वर्षांची जुनी गाडी. हे गृहस्थ लहानाचे मोठे झाले ॲनाहाइममध्ये, डिस्नेलँडच्या अगदी पाठीमागे. ते सांगत होते, ती सगळी जागा आधी संत्र्यांच्या बागांची होती. वॉल्ट डिस्नेने तिथली 160 एकर घेतली, झाडं काढली आणि वर्षभरात पार्क उभा केला.

दार उघडलं की समोरच्या भिंतीवर पोस्टर, जवळजवळ माणसाच्या उंचीचे. पार्कमधल्या एकेका राइडचं एकेक पोस्टर. आपल्याकडे लग्नपत्रिका स्क्रीन प्रिंटिंगने छापायचे ना, तीच पद्धत, फक्त आकार प्रचंड. एकेका रंगासाठी वेगळी जाळी, रंगावर रंग चढवत जायचा. त्यांनी मला दिवा तिरपा धरून दाखवला, तेव्हा कागदावर शाईचे थर उचललेले दिसले. निळ्यावर पिवळा कुठे चढलाय ती कडासुद्धा. खिडक्यांना सगळीकडे उन्हातली अतिनील किरणं अडवणारी फिल्म लावलेली. बाहेर कॅलिफोर्नियाचं लख्ख ऊन आणि हा माणूस भर दुपारी दिवे लावून बसतो. पार्कच्या प्रवेशाच्या बोगद्यांत अशी पोस्टर आजही टांगलेली असतात. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा त्यांच्याखालून घाईघाईने पुढे गेलो होतो.

17 जुलै 1955 ला पार्क उघडला, त्याची गोष्ट त्यांनी अशी रंगवून सांगितली की बाबा, तुम्ही हवे होतात. त्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता, पण खोटी तिकिटं छापून लोक आत घुसले. गर्दी 28,000 च्या आसपास गेली. डांबर आदल्या रात्रीपर्यंत ओतत होते, ते उन्हाने मऊ पडलं आणि बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. प्लंबरांचा संप झालेला, म्हणून पाण्याच्या बऱ्याच नळांना पाणीच नाही. आणि हे सगळं टीव्हीवर थेट दाखवत होते. कार्यक्रम सादर करणाऱ्या तिघांपैकी एक कोण, माहितीये? रोनाल्ड रेगन! तेव्हा ते नट होते, राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून पंचवीस वर्षं होती.

मला वाटलं होतं घरभर मिकी माउसच्या बाहुल्या असतील. एकही नव्हती. त्याचं कारण त्यांनी सांगितलं ते मला फार पटलं. दुकानात विकायला केलेली वस्तू ते घेतच नाहीत. जी वस्तू पार्कमध्ये कामाला होती, तीच घ्यायची. म्हणजे पोस्टर, दिशा दाखवणारी पाटी, गाडीतळातल्या रांगेचा फलक, कर्मचाऱ्याच्या छातीवरचा बिल्ला. बिल्ल्यावर फक्त पहिलं नाव असतं, आडनाव नाही, साहेब असो की झाडूवाला. पार्कच्या प्रत्येक भागातल्या कचरापेट्यासुद्धा वेगवेगळ्या असतात, जंगलातली बांबूसारखी रंगवलेली, भविष्यनगरीतली गुळगुळीत. तशी एक त्यांच्या ओट्याखाली आहे आणि तीत ते खरोखर कचरा टाकतात. चहाची पिशवी मी स्वतः त्यात टाकली. नितीन म्हणाला, आयुष्यात एवढ्या महाग पेटीत कचरा टाकला नव्हता.

आता तिकिटं. बाबा, इथे मी तासभर अडकले.

मागच्या खोलीत एक कपाट आहे, बारीक बारीक सपाट ड्रॉवरचं. प्रत्येक ड्रॉवरमध्ये पारदर्शक पाकिटांत तिकिटांच्या पुस्तिका. आडव्या, पंजात मावतील एवढ्या, डाव्या बाजूला पिन मारलेल्या. आत कूपनं, प्रत्येकावर एक मोठं अक्षर आणि त्या अक्षरावर कुठल्या कुठल्या राइडमध्ये बसता येईल त्याची बारीक टाइपातली यादी. 1955 च्या ऑक्टोबरात ही पद्धत सुरू झाली तेव्हा ए, बी, सी एवढीच कूपनं होती. पुढच्या वर्षी डी आलं. 1959 मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, मोनोरेल आणि पाणबुडी अशा तीन मोठ्या राइड एकदम आल्या, तेव्हा ई काढलं. ए म्हणजे घोड्याची ट्राम वगैरे, 10 सेंट. ई सगळ्यात भारी. सॅली राइड ही अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन बाई, तिने 1983 मध्ये आपल्या उड्डाणाचं वर्णन करताना ‘ई तिकीट’ म्हटलं आणि अख्ख्या देशाला कळलं तिला काय म्हणायचंय.

गंमत पुढे आहे. पुस्तिकेत सगळ्या अक्षरांची कूपनं असायची. लोक आधी ई संपवायचे, मग डी. संध्याकाळी मुलं पेंगायला लागली की ए आणि बी तसेच खिशात घेऊन घरी. ‘पुढच्या वेळी वापरू’ म्हणून ते ड्रॉवरमध्ये पडायचे आणि पुढच्या वेळी नवीन पुस्तिका घेतली जायची. 1982 मध्ये कूपनं बंद झाली, एकदा पैसे भरा आणि दिवसभर काहीही करा. घराघरांत ए-बी पडून राहिले. त्यामुळे आज जुन्या बाजारात ए कूपन ढिगाने मिळतं आणि एकही न फाडलेली, ई शाबूत असलेली पुस्तिका मिळायला नशीब लागतं. ज्याला कुणी विचारत नव्हतं तेच टिकलं.

कॉलेजात असताना उन्हाळी सुट्टीत ते स्वतः राइडच्या तोंडाशी उभे राहून ही कूपनं गोळा करायचे. मी म्हटलं, माझे वडील एसटीत कंडक्टर होते, तीस वर्षं सातारा डेपोला. झालं! त्यांनी हातातली पुस्तिका खाली ठेवली आणि मलाच प्रश्न विचारायला लागले. तिकीट कसं दिसायचं, टप्पा कसा कळायचा, हिशोब कसा लागायचा. मी ट्रे सांगितला, किमतीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या तिकिटांचे गठ्ठे सांगितले, गाडीच्या दांड्यावर पंच वाजवून ‘चला, तिकीट बोला’ म्हणायचात ते करून दाखवलं. वे-बिल, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशोबाचा कागद, तेही सांगितलं. तूट आली की पगारातून कापायचे आणि आई त्या महिन्यात घरात कुणाशी धड बोलायची नाही, हेही सांगितलं. ते खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, तो पंच कुठे आहे?

मी म्हटलं, डेपोत जमा केला. त्यांनी कपाळाला हात लावला.

इथे बाबा, तुम्हाला पडणारा प्रश्न मलाही पडला. वस्तू पार्कची, मग ती या माणसाच्या घरात कशी? मी आडून आडून विचारलं, पण ते चिडले नाहीत. सांगितलं की तीन वाटा आहेत. काही माल पार्कनेच विकला. दारावरच्या जुन्या भल्यामोठ्या फलकाची अक्षरं 2000 साली ऑनलाइन लिलावात काढली होती, त्यातला ‘डी’ एका टीव्ही नटाने घेतला. काही माल भंगारात निघाला होता आणि कर्मचाऱ्यांनी कचऱ्याच्या ढिगातून, साहेबाला विचारून, घरी नेला. आणि काही माल कसा बाहेर आला ते कुणी विचारत नाही. तिसऱ्या प्रकारचं आपण घेत नाही म्हणाले. प्रत्येक वस्तूमागे एक पाकीट आहे. वस्तू कुणाकडून आली, कधी, त्याने ती कुठून आणली, पावती असेल तर पावती, नसेल तर त्या माणसाच्या हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी. ते म्हणाले, चिठ्ठी नसेल तर हे नुसतं जुनं पत्र्याचं सामान. तुमच्या तपासनीसांनाही हे गृहस्थ आवडले असते.

गॅरेजमध्ये तर एक पाळणाच आहे. पार्कवरून जाणाऱ्या रोपवेचा, स्कायवे म्हणायचे त्याला. 1956 मध्ये स्विस कंपनीने बांधलेला, पुढे मॅटरहॉर्नच्या डोंगराला भोक पाडून त्यातून आरपार जायचा आणि नोव्हेंबर 1994 मध्ये बंद झाला. आम्ही चौघं त्यात बसलो. गॅरेजच्या फरशीवर, समोर वॉशिंग मशीन. आई, मला तू रायगडच्या रोपवेत डोळे मिटून ‘जय देवी’ करत बसलेली आठवलीस. हा पाळणा तुला चालला असता, जमिनीपासून चार इंच वर.

आणि आई, तू पहिल्यांदा विचारशील तो प्रश्न मीही विचारला: पुसतं कोण हे सगळं? त्यांची बायको हसली. स्वयंपाकघर आणि निजायची खोली यांत एकही वस्तू येणार नाही, कचरापेटी सोडून, असा तिचा करार आहे आणि तो चाळीस वर्षं टिकलाय. बाकी धूळ तो स्वतः झटकतो, मऊ कुंचल्याने, तिला हात लावू देत नाही. ‘माझ्या फायद्याचंच आहे,’ ती म्हणाली. फक्त पाहुण्यांच्या संडासाच्या बाबतीत ती हरली. तिथे भूतबंगल्याच्या राइडमधला जांभळा कागद भिंतीवर लावलाय, नक्षीत राक्षसाचे डोळे. तो मात्र नकली आहे, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. आपली चिनू आत गेली आणि दार उघडं ठेवूनच बसली.

जेवताना ती बाई जरा गंभीर झाली. दोन मुलगे आहेत, दोघांनाही यातलं काही नकोय. एक न्यूयॉर्कला छोट्या फ्लॅटमध्ये राहतो, तो पाळणा कुठे ठेवणार? 2018 मध्ये लॉस एंजेलिसच्या एका संग्राहकाचा असाच संग्रह लिलावात गेला, तेव्हा डंबो हत्तीची एक जुनी गाडी चार लाख डॉलरच्या वर गेली. तेव्हापासून यांना फोन येतात. मला खरं सांगायचं तर किमतींचं ते बोलणं कंटाळवाणं झालं. नितीन आणि ते अर्धा तास आकडे बोलत होते. पण त्यांनी ठरवलंय ते चांगलं आहे असं मला वाटलं. आपण असतानाच विकायचं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिचं पाकीट द्यायचं. मागे राहिलेल्यांनी घाईने ट्रक बोलावून रिकामं करायचं, हे त्यांना नको आहे.

निघताना त्यांनी विचारलं, तुमच्याकडे अशी पार्कं होती का? एस्सेलवर्ल्ड सांगितलं, 1989 चं, गोराईला बोटीने जायचं. पण मला आधी आठवली ती पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी. मे महिन्यात आत्याकडे गेलो की बाबा न्यायचे. ती 1956 ची, म्हणजे डिस्नेलँडनंतर वर्षाच्या आत धावायला लागलेली. हे ऐकून ते चाटच पडले. लगेच वही काढून लिहून घेतलं आणि म्हणाले, तिचं त्या वेळचं तिकीट कुणाकडे असेल का? आता आत्याला विचारायला हवं, तिच्याकडे वाण्याची 1970 ची बिलं आहेत, तिकीटही निघेल.

तर बाबा, त्यांनी तुमच्यासाठी प्रश्न दिलेत, मला उत्तरं देता आली नाहीत. तिकिटांचे रंग कुणी ठरवायचं, आणि भाडेवाढ झाली की जुन्या तिकिटांचं काय करायचे? पंचाचं भोक नेमकं कुठे पाडायचं? मुक्कामाच्या गाडीला रात्री पैसे कुठे ठेवायचे? खोट्या तिकिटाचा प्रकार कधी घडला का? नोकरीच्या पहिल्या दिवशी ट्रे हातात कुणी दिला? तुम्ही वहीत मराठीतच लिहा, घाई नको, रोज एक पान झालं तरी पुष्कळ. मंगेशला फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायला सांगा, इंग्रजी मी करून देईन. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली हे मी त्यांना सांगितलंय, तेवढ्यापासून सुरू करू नका. त्यांना तुमचं हवंय.

आणि माळ्यावर ट्रंकेत निवृत्तीच्या वेळची कागदपत्रं आहेत, त्यात रद्दी तिकिटांचा एक गठ्ठा रबर लावून ठेवलेला मी पाहिलाय. रबर आता विरघळून चिकटलं असेल, ओढून काढू नका. तसाच राहू द्या, मी डिसेंबरात येते तेव्हा बघू. आई, सोसायटीच्या डागडुजीसाठी माळा रिकामा करायला कुणी आलं तर ती ट्रंक तेवढी शेजारच्या काकूंकडे ठेव.

गुडघ्याला डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा लावतेस ना? फोनवर ‘हो हो’ म्हणतेस, त्यावर माझा विश्वास नाही.

चिनूचा आणि नितीनचा नमस्कार.

तुमची,
सुजाता