नदीकाठच्या आजोबांना

आजोबा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर. कोणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल अशी आशा आहे.

पानगळीच्या अगदी अखेरीस खोऱ्यात आलेला एक बाप आणि त्याची चिंब भिजलेली नऊ वर्षांची लेक तुम्हाला आठवत असेल. मी सूर्यास्ताची वेळ बघून फिरायला निघालो होतो. पण खोऱ्यातला सूर्य मावळेपर्यंत कुठला थांबतोय, तो केव्हाच डोंगराआड जातो! अंधारून आलं तशी मी घाई केली, आणि दगडांवरून नदी ओलांडताना तिचा पाय ओल्या पानांवरून सटकला. पाणी गुडघाभरच होतं, पण पडली ती आडवी.

तिला उचलून तसंच गाडीकडे पळायचा माझा बेत होता. तुम्ही वाट अडवलीत. "आधी ओले कपडे काढ तिचे." पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट चांगलं उष्णतावाहक आहे आणि भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब ओढून घेतो, हे मला माहीत होतं. परीक्षेपुरतं. तुमचा लोकरीचा सदरा तिच्या घोट्यांपर्यंत आला. तिचे दात वाजायचे थांबेपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. नंतरही मला रागावला नाहीत, त्याचे आभार वेगळे.

पण मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या सकाळबद्दल. आम्ही परत निघणार होतो. लेक नदीकडे बघायलाही तयार नव्हती. तुम्ही म्हणालात, नदीकडे नकोच, वर चला. खाली गवतावर गोठलेलं दव होतं आणि अर्ध्या चढावर आलो तर चक्क ऊब! रात्री गार हवा जड होऊन उतारावरून ओघळते आणि तळाशी साचते, हे तुम्ही हाताने उतार दाखवत तिला सांगितलंत. नदी दिसतच नव्हती. नुसता धुक्याचा पट्टा, नदीसारखाच वळणं घेत गेलेला. तिथेच तुम्ही एक फांदी वाकवलीत. बोट लावताच पिवळं पान गळलं. त्याच्या देठाच्या खुणेवर लगेच एक बारीक टोकदार डोळा, पुढच्या मोसमाच्या पालवीचा. पान पडायच्या कितीतरी आधी तो तयार होतो, हे इतकी वर्षं झाडं बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

धुकं विरल्यावर तुम्ही आम्हाला कसं नकळत काठाशी आणलंत, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही पाण्यातला एक दगड उलटा केलात. खालच्या बाजूला नखाएवढी वाळूच्या कणांची नळी चिकटलेली. "काडी आहे," लेक म्हणाली. मग काडीने डोकं बाहेर काढलं, सहा पाय काढले आणि ती चालू लागली. स्वतःच्या लाळेच्या धाग्याने वाळू जोडून घर करणारी अळी! पाण्यात पडलेली पानं बुरशीने मऊ पडली की हिच्यासारख्या कितीतरी अळ्या ती खातात, आणि त्या अळ्यांवर मासे जगतात. "झाडांची पानगळ ती नदीची सुगी," तुम्ही म्हणालात.

दगड परत ठेवायला तुम्ही तिलाच सांगितलंत. "होता तसाच ठेव हं. कुणाचं तरी छप्पर आहे ते." तिने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. आदल्या संध्याकाळपासून मी तिला हज्जार वेळा समजावत होतो, आजोबा.

आता ती वहीत रोज सूर्य समोरच्या टेकडीआड कधी जातो ते लिहिते, आणि मला बाहेर निघायची वेळ सांगते. मी ऐकतो.

तुमचा सदरा आमच्याकडेच राहिलाय. लवकरच घेऊन येतो. फक्त मी तो गरम पाण्यात धुतला आणि लोकर आटली. आता तो लेकीला बरोब्बर बसतो.

तुमचा,
भिजलेल्या मुलीचा बाप