कोपर आणि बोटं एकत्र पाहणाऱ्या फिजिओ ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुम्हाला एकटीला पाठवता आलं असतं. उघडपणे लिहिते आहे, कारण देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्यातरी घरात अशीच दुबळ्या स्नायूंची एखादी मुलगी असेल आणि तिच्या आईच्या हातात ‘नॉर्मल’ लिहिलेला रक्ताचा रिपोर्ट असेल.

आमच्याही हातात तोच होता. मुलगी उशिरा चालली. जिना चढताना कठडा धरायची, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकायची. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीपीके तपासलं तर ते जवळपास ठीक आलं, आणि एका मोठ्या दवाखान्यात सांगितलं की मुलगी आळशी आहे, हिला पळवा. घरी सासूबाई म्हणायच्या, “चेडवाक नाचणी दे, ताकद येतली.” नाचणी, कुळथाची पिठी, माशाचं कालवण, कशाचीच कमी नव्हती.

तालुक्याच्या शिबिरात तुम्ही तिचे पाय नंतर पाहिलेत. आधी कोपर सरळ करायला सांगितलंत, ते पूर्ण सरळ होईना. मग बोटं मागे वळवलीत, ती पार मनगटाकडे झुकली. दंडाची खरखरीत त्वचा, जुन्या जखमेच्या जागी वाढलेला जाड व्रण, मागे आलेली टाच, सगळं एका कागदावर उतरवलंत. कोपर आखडलंय म्हणून कुणी तेल चोळायला सांगायचं, बोटं लवचिक म्हणून कुणी कौतुक करायचं. आखडणं आणि सैल असणं दोन्ही एकाच मुलीत कसं, हे पहिल्यांदा तुम्ही विचारलंत. कागदाच्या तळाशी ‘कोलॅजेन ६?’ असं, स्नायूंना बांधून ठेवणाऱ्या एका प्रथिनाचं नाव लिहून मुंबईला न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलंत. कणकवलीहून रात्रीच्या गाडीनं गेलो, जनुकीय तपासणी झाली आणि तुमचं प्रश्नचिन्ह खोडावं लागलं: कोलॅजेन ६ च्या बिघाडामुळे होणारा स्नायूंचा आजारच निघाला.

आजाराचं नाव सांगून काम संपलं असं तुम्ही मानलं नाहीत, याचे आभार मला सगळ्यात जास्त मानायचे आहेत. आमच्या पडवीत बसून जांभ्याच्या भिंतीकडे बोट दाखवत तुम्ही म्हणालात, “चिरे धड आहेत, मधला चुना कच्चा आहे असं समजा.” आणि मग तो चुना म्हणजे नेमकं काय, तेही सांगितलंत.

प्रत्येक स्नायुतंतूला बाहेरून एक पातळ आवरण असतं. त्यात लॅमिनिन आणि कोलॅजेन ४ ही प्रथिनं असतात. लॅमिनिन तंतूच्या स्वतःच्या पटलातल्या डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनाला धरून असतं आणि डिस्ट्रोग्लायकन आतल्या डिस्ट्रोफिनला. स्नायू आकुंचन पावला की त्याचा जोर नुसता लांबीच्या दिशेनं टोकाकडे जात नाही, बाजूनं या आवरणातही उतरतो. डिस्ट्रोफिन नसेल तर पटल फाटतं, आतलं सीपीके रक्तात सांडतं आणि आकडा कित्येक पटींनी चढतो. तो ड्यूशेन नावाचा स्नायूंचा आजार. लॅमिनिनची अल्फा-२ साखळी नसेल तर जन्मापासूनच स्नायू दुबळे राहतात, तो वेगळा आजार. आमच्या मुलीतलं कोलॅजेन ६ या आवरणाच्या लगेच बाहेर असतं आणि आवरणाला भोवतालच्या ऊतीशी बांधून ठेवतं. कोलॅजेन ६ स्नायुतंतू स्वतः बनवत नाहीत, ते शेजारच्या जोडणाऱ्या ऊतीतल्या फायब्रोब्लास्ट पेशी बनवतात. पटल फारसं फाटत नाही, म्हणून सीपीके शांत राहतं. रिपोर्ट खोटा नव्हता, तो दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता.

तुमच्याकडून ऐकलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली आहे. स्नायू घडतो तेव्हापासूनच पेशींच्या बाहेरचं हे प्रथिनांचं द्रव्य कामाला लागलेलं असतं. गर्भात स्नायूंच्या कोवळ्या पेशी हातापायांच्या जागी सरकतात, एकमेकींत मिसळून तंतू होतात, ते याच द्रव्याच्या आधारानं. जन्मानंतर दुरुस्ती करणाऱ्या सॅटेलाइट पेशीही तंतूचं पटल आणि आवरण यांच्या मधल्या फटीत राहतात. अलेक्झांडर मॉरो यांनी त्या 1961 मध्ये दाखवल्या. कोलॅजेन ६ नसलेल्या उंदरांमध्ये स्नायू वाजवीपेक्षा मऊ होतो आणि या पेशींना आपला साठा टिकवणं जड जातं, हे इटलीतल्या संशोधकांनी 2013 मध्ये मांडलं. राहायची जागा बिघडली की दुरुस्ती करणाराही हतबल होतो. ‘हिला पळवा’ हा सल्ला किती चुकीचा होता, ते मला तेव्हा उमगलं. दमवून टाकणारा व्यायाम बंद झाला. त्याऐवजी रोज हलके ताण, रात्री स्प्लिंट (सांधा सरळ धरणारा आधार) आणि भरतीच्या वेळी खाडीच्या उथळ पाण्यात चालणं सुरू झालं. ताणांचा कंटाळा येतो, पाण्याचा कधीच येत नाही.

आता भावकीबद्दल. देवस्थानाचं काही राहिलंय, आईकडचा दोष आहे, असं माझ्यासमोर बोललं जायचं. आम्हा दोघांची तपासणी झाली आणि तो बदल आमच्यापैकी कुणातच सापडला नाही. तो तिच्यातच नव्यानं घडलेला होता. सासूबाईंना तुम्ही हे इतक्या शांतपणे समजावलंत की त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असताना एवढं बिघडतं कसं, असं माझ्या नवऱ्यानं विचारलं, तेव्हा तुम्ही गणित करून दाखवलंत. तीन साखळ्यांचा पीळ बसून एक घटक होतो, दोन घटकांची जोडी, दोन जोड्यांचा चौकडा, आणि मगच ते पेशीबाहेर पडतं. त्या पिळात दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल लागतं आणि आमच्या मुलीत एका ठिकाणी दुसरंच अमिनो आम्ल आलंय. निम्मे घटक सदोष असले तर चारही चांगले मिळण्याची शक्यता सोळात एक. निम्मं नाही, सोळावा भाग! उलट, ज्यांच्यात एक प्रत मुळातच गप्प असते, म्हणजे प्रथिन बनवतच नाही, ती माणसं सहसा ठणठणीत असतात. म्हणूनच सदोष प्रत गप्प करता येईल का, यावर प्रयोगशाळांत काम चाललं आहे. मुळापासून बरं करणारं औषध आज नाही, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. खोटी आशा दाखवली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार.

गणपतीला मुंबईचे पाहुणे कोलॅजेन पावडरचा डबा घेऊन आले. महागाचा होता. पोटात गेलेलं कोलॅजेन पचून त्याचे तुकडे होतात, आणि ते तुकडे जोडण्याची कृतीच जिथे चुकीची लिहिली आहे तिथे पावडर काय करणार, हे मी त्यांना सांगू शकले. कुणाचं मन न दुखवता सांगू शकले, तेही तुमच्यामुळेच.

जर्मनीत उलरिच यांनी या आजाराचं तीव्र रूप 1930 मध्ये नोंदवलं आणि त्याचं मूळ कोलॅजेन ६ मध्ये आहे हे 2001 मध्ये समोर आलं. त्याचा सौम्य भाऊ म्हणजे बेथलेम. आमच्या मुलीचा आजार तीव्रतेनं या दोघांच्या मधला.

सकाळी तिचं डोकं दुखतं, वर्गात पेंग येते, हे मी सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तुम्ही तिथेच थांबलात. या आजारात चालता येत असतानाही रात्रीचा श्वास अपुरा पडू शकतो, म्हणून झोपेतली तपासणी करायला लावलीत. आता ती बायपॅप (मुखवट्यातून श्वासाला मदत करणारं यंत्र) लावून झोपते आणि सकाळी डबा भरायच्या आधी उठून बसते. पावसात आमच्याकडे लाईट किती वेळ जाते हे तुम्हाला माहीत होतं. जूनच्या आधी इन्व्हर्टर घ्या, हे तुमच्याशिवाय कुणालाच सुचलं नव्हतं. शाळेत तिला एक वर्ष मागे ठेवायचं चाललं होतं. या आजाराचा बुद्धीशी संबंध नाही, असं पत्र तुम्ही स्वतः लिहून दिलंत. ती आता आठवीत आहे, आणि विज्ञानात वर्गात पुढे आहे.

पुढच्या महिन्यात फुफ्फुसांची क्षमता मोजायची आहे, तुम्ही सांगितलंत तशी बसून आणि झोपून दोन्ही प्रकारे. दोन्हीतला फरक वाढला असेल तर श्वासपटलाकडे लक्ष द्यायचं, हे मी वहीत लिहून ठेवलंय. उजव्या पायाचा स्प्लिंट आखूड पडतोय, त्याचं माप घ्यायला कधी येऊ ते कळवा. रिपोर्ट आला की त्याच दिवशी पाठवते.

तुमची,
देवगड तालुक्यातली एक आई