सर, डाव्या हाताला काम दिल्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

परवा सोळा कॅव्हिटीच्या, म्हणजे एका वेळी सोळा नग काढणाऱ्या साच्याचं असेंब्ली मॉडेल संगणकावर पूर्ण केलं आणि मनगट दुखलं नाही. हे पत्र त्यासाठी.

गेल्या पावसाळ्यात माझी अवस्था तुम्ही पाहिली होती. दिवसभर माऊसचं मधलं बटण दाबून मॉडेल फिरवायचं, सोडायचं, पुन्हा पकडायचं. संध्याकाळी चहाचा कप उचलवत नसे. एक दिवस तुम्ही स्वतःचा स्पेसमाऊस, म्हणजे पडद्यावरची वस्तू फिरवायचं टोपीसारखी मूठ असलेलं उपकरण, माझ्या कीबोर्डच्या डावीकडे आणून ठेवलात. म्हणालात, "नारळ कसा फोडतेस? नारळ डाव्या हातात, कोयता उजव्या. फिरवायचा तो नारळ."

माऊस टेबलावर दोनच दिशांना सरकतो. वस्तूला मात्र सहा हालचाली असतात: तीन दिशांना सरकणं आणि तीन अक्षांभोवती फिरणं. म्हणून गाईड पिलर (साच्याचा खांब) बुशसमोर (तो ज्यात बसतो त्या नळीसमोर) आणायचा तर मी समोरून, वरून, बाजूने असा हप्त्याहप्त्याने आणत होते. तुमच्या त्या टोपीला सहाही हालचाली एकदम कळतात. ती स्वतः जेमतेम हलते. जितका जोर, तितका वेग, आणि हात सोडला की वस्तू जागच्या जागी थांबते.

पहिल्या दिवशी मी टोपी उजवीकडे ढकलली आणि मॉडेल डावीकडे पळालं. मी वैतागले. तुम्ही विचारलंत, "वस्तू हातात धरली आहेस, की तू तिच्यासमोरून चालते आहेस?" सेटिंग कॅमेऱ्यावर होतं. ते तुम्ही वस्तूवर आणलंत, वेग अगदी कमी केलात आणि दोन दिवस मला फक्त एक रिकामा ठोकळा फिरवायला लावलात. ते दोन दिवस नसते, तर मी टोपी कपाटात टाकली असती.

डबा खाताना तुम्ही रोटेक्सची गोष्ट सांगितलीत. १९९३ साली कोलंबिया या अंतराळयानातला रोटेक्स हा जर्मन यंत्रहात अंतराळवीरांनी अशाच सहा हालचाली ओळखणाऱ्या गोळ्याने चालवला होता. ज्या जर्मन अंतराळ संस्थेने तो हात बनवला, तिच्याच प्रयोगशाळेतून स्पेसमाऊस आला. त्यानंतर मला ती टोपी खेळणं वाटेनाशी झाली.

"हाताने जवळ आण, अचूक बसवायचं काम मेटवर सोड," हे तुमचं वाक्य रोज उपयोगी पडतं. मेट म्हणजे दोन भाग नेमके जुळवणारी सॉफ्टवेअरमधली सोय.

आता मी स्वतःचा स्पेसमाऊस घेतला आहे. तुमचा परत द्यायला रविवारी सकाळी घरी येते.

आपली,
डिझाइन विभागातली विद्यार्थिनी